फातोर्ड्याला मुंबईची अवे मॅच बघायला जाताय? मग एवढं वाचून निघा

आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबची एफसी गोवाशी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला, म्हणजे त्यांच्या घरच्या मैदानावर (आपल्यासाठी 'अवे'), मॅच लागली की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो बीचचा, दुसरा रूमचा, सेक्युरिटीचं कुणी विचारतच नाही आणि एखाद्याने विचारलंच तर "अरे गोवाय रे, तिथे कोण राडा करतंय" म्हणून विषय संपतो. बऱ्याच अंशी खरंय ते, नव्वद टक्के लोक जातात, घसा बसेपर्यंत ओरडतात, फिश थाळी हाणून परत येतात. पण ही मॅच आता साधी राहिलेली नाही. २०१५ ला गोव्याने तिथेच आपल्याला ७-० ने धुतलं, २०१९ च्या सेमीत अंधेरीत येऊन ५-१ मारून गेले, २०२१ ला रिकाम्या स्टेडियममध्ये पेनल्टीवर आपण हिशोब केला आणि २४ एप्रिल २०२४ ला सेमीत तर कहर, नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे, लोक फायनलची तिकिटं बघायला लागलेले असणार, आणि पुढच्या काही मिनिटांत आपले तीन गोल, छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, ३-२. हे तिथला माणूस विसरलेला नाही आणि आपल्यातला एखादा नग त्याला ते विसरूही देणार नाही, प्रॉब्लेम तिथेच आहे.

माझं म्हणणं एकच, अवे मॅचला लफडं मॅच चालू असताना फारसं होत नाही, ते होतं गेटबाहेर, शिट्टी वाजल्यानंतरच्या अर्ध्या तासात. त्यामुळे प्लॅन करायचा तो आत जायचा नाही, बाहेर पडायचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्या दोन कट्टर क्लबांची मॅच ज्याने बघितलीय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

तिकिटापासून सुरू करू. अवे फॅन्ससाठी वेगळा ब्लॉक दिला असेल तर तिथलंच घ्या, आपल्या फॅन ग्रुपमार्फत मिळत असेल तर उत्तमच. दोनशे रुपये वाचतात म्हणून नाहीतर मित्राचा मित्र गोव्याचा आहे म्हणून होम स्टँडमध्ये बसायचं आणि गोल झाल्यावर उडी मारायची, हा प्रकार करू नका. त्यातही ईस्ट स्टँडचा खालचा भाग त्यांच्या कट्टर लोकांचा, तिथे निळी जर्सी घालून जाणं म्हणजे धाडस नाही, नुसता आगाऊपणा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल मॅचला दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये मिसळलेले होते, भांडण पेटलं, पळापळ झाली आणि १६ जण गेले. वेगळा ब्लॉक असतो तो अपमान करायला नसतो.

जाणार किती जण, कशाने, किती वाजता पोचणार, गाडी असेल तर नंबर, हे सगळं ग्रुपच्या एका माणसाने क्लबच्या लोकांना आधी कळवायचं म्हणजे तिथल्या आयोजकांना आणि पोलिसांना माहीत असतं. पोलिसांना अचानक समोर आलेले ढोलवाले पन्नास लोक आवडत नाहीत, आधी सांगून आलेले पन्नास चालतात. ढोल, मोठा बॅनर, झेंड्याची काठी याची परवानगी पण तेव्हाच मागा, गेटवर जाऊन हुज्जत घालून काही मिळत नाही.

आता प्रवास. ट्रेनने जा, प्लीज. मुंबई–गोवा हायवेची अवस्था वेगळी सांगायला नको आणि मॅच संपवून रात्री अकराला झोप, आवाज आणि बिअर तिन्ही अंगात घेऊन गाडी काढणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, कुठल्याही गोवेकर फॅनपेक्षा मोठा. २०२२ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल फातोर्ड्यालाच होती, त्यासाठी केरळमधून बाइकवर निघालेली दोन पोरं कासरगोडजवळ अपघातात गेली, मॅचपर्यंत पोचलीच नाहीत. रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी मडगावात. येताना मात्र लक्षात ठेवा, कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, मॅच साडेसातची असेल तर ती गेलेली असणार, त्यामुळे रात्री राहायचं आणि सकाळची मांडवी किंवा दुपारची जनशताब्दी धरायची. रूम मडगावातच बघा, बागा-कळंगुटला नको, रात्री तिकडे जायला टॅक्सीवाला जो भाव सांगेल तो सांगेल. ओला-उबरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. दिवसा पायलट मिळतात, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पण मॅच सुटल्यावर हजारो लोक एकदम रस्त्यावर येतात तेव्हा तुमच्यासाठी कोण थांबणारे. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा आणि तिला स्टेडियमच्या गेटवर नाही, थोडं लांब, बसस्टँडच्या बाजूला उभं करायला सांगा. आणि रूम कॅन्सल करता येईल अशीच घ्या, आपल्याकडे मॅचची तारीख कधी बदलेल सांगता येत नाही.

जर्सी घालायची की नाही यावर लोक भांडतात. घाला की, त्यासाठीच तर चाललोय, फक्त वर एक साधा शर्ट टाका आणि ब्लॉकमध्ये पोचल्यावर काढा, बाहेर पडताना परत घाला. याला कुणी घाबरटपणा म्हणालं तर म्हणू दे. पोरंबाळं, आईवडील बरोबर असतील तर हे नक्कीच करा.

गेटवर हेल्मेट, नाणी, पाण्याची बाटली, लायटर, पर्फ्यूम, कधी कधी पॉवर बँक पण बाहेर ठेवायला लावतात आणि ठेवायला जागा असेलच असं नाही, म्हणून सॅक रूमवर ठेवून मोकळ्या हाताने जा. फोन फुल चार्ज करा, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेट मेलेलं असतं. पिऊन गेलात तर आत सोडतीलच असं नाही, आणि तेव्हा "आम्ही मुंबईहून आलोय" हे वाक्य काही कामाचं नाही.

आता घोषणांचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण संवेदनशील मुद्दा खरा इथे आहे. टीमला चिडवा, कोचला चिडवा, २०२४ चा स्कोअर हवा तर रात्रभर म्हणा. पण "गोवा आपलाच", "शेवटी महाराष्ट्राचाच जिल्हा" असले विनोद करायचे नाहीत. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर, आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं, फरक साधारण ३४ हजार मतांचा होता. तिथे अजून १६ जानेवारीला अस्मिता दिवस पाळतात. आपल्यासाठी तो जोक असतो, त्यांच्यासाठी घरातला विषय. कोकणी ही मराठीची बोली वगैरे ज्ञानही स्टँडमध्ये पाजळू नका. उलट तिकडून कुणीतरी "घाटी" म्हणून ओरडेल, हे धरूनच चला, त्यावर हसायचं किंवा गोल मारायची वाट बघायची. जात, धर्म, बाया-बापड्यांवरून शिव्या तर कुठेच नाही. आणि मैदानात काही फेकलं किंवा फटाका लावला तर दंड आपल्या क्लबला बसतो, वर पुढच्या वेळी अवे तिकिटंच बंद करायला त्यांना आयतं कारण मिळतं.

तसं अवे फॅन्सना बंदी घातली की सगळं शांत होतं, हे मला पटत नाही. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं कांजुरुहान स्टेडियम, घरची टीम अरेमा विरुद्ध पेर्सेबाया. पेर्सेबायाच्या फॅन्सना येऊच दिलं नव्हतं. अरेमा हरली, लोक मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडवर अश्रुधूर सोडला, जो फिफाच्या सुरक्षा नियमात चालतच नाही, लोक दारांकडे पळाले, दारं अरुंद, काही नीट उघडलेली नाहीत, १३५ माणसं गेली. समोरच्या टीमचा एकही फॅन तिथे नव्हता.

म्हणून आत गेल्यावर पहिलं काम, सेल्फीच्या आधी, दोन दारं बघून ठेवायची, एक ज्यातून आलात ते आणि दुसरं त्याच्याशिवायचं, कारण घाबरलेला प्रत्येक माणूस आला त्याच दाराकडे धावतो. गर्दी दाबायला लागली तर दोन्ही हात छातीसमोर धरा, श्वासाला जागा राहते, ढकलाढकलीला उलटा जोर लावू नका, लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली मोबाइल पडला तर गेला, वाकायचं नाही. डोळे चुरचुरायला लागले तर चोळू नका, ओला रुमाल नाकाला लावा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला मोकळ्यावर जा. काही झालंच तर ११२.

शिट्टी वाजल्यावर पोलीस अवे ब्लॉकला बऱ्याचदा थांबवून ठेवतात, होम पब्लिक आधी सोडतात. लोक चिडतात, पण थांबा, ती सगळ्यात भारी सोय आहे. जिंकलो असू तर आतच नाचून घ्या, बाहेर रस्त्यावर नाही. मग सगळे एकत्र निघा, पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटात एकाला सगळ्यांचे नंबर, आणि कुणी मागे राहिला तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरलेलं. वाटेत कुणी अंगावर आला तर व्हिडिओ काढत बसू नका, पोलीस उभे असतात त्या बाजूने चालत राहा. लाइव्ह पण नको, तुमचं हॉटेल कुठलं हे जगाला उद्या ट्रेनमध्ये बसल्यावर सांगा.

आणि हो, सांगूनही काही जण गाडीच घेऊन जाणार, तर येताना बांद्याजवळ इन्सुलीला दारू तपासायचा नाका लागतो, डिकी उघडायला लावतात, परमिटशिवाय गोव्याची बाटली सापडली की केस. फुटबॉलचे स्कार्फ लटकवलेली टेम्पो ट्रॅव्हलर ते बरोबर थांबवतात.