के’गरी बेटावर गाड्या घेऊन गटाने तंबूत मुक्काम कसा करावा

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगतचे के’गरी, म्हणजेच २०२३ पर्यंत अधिकृतपणे फ्रेझर आयलंड म्हणून ओळखले जाणारे बेट, हे जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या या बेटाला १९९२ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ब्रिस्बेनहून बेटासमोरच्या किनाऱ्यावरील हर्वी बे हे शहर चार तासांच्या आत गाठता येते, त्यामुळे ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लांबच्या सुट्टीत हा बेत सहज आखता येतो. मात्र तो इंजिनाच्या ताकदीवर पार पडत नाही. भरतीचे वेळापत्रक आणि टायरमधील हवा या दोन गोष्टींवर त्याचे सारे काही अवलंबून असते.

म्हणून प्रथम भरतीचे कोष्टक काढावे आणि मगच तारीख ठरवावी. पूर्व किनाऱ्यावरील ‘सेव्हंटी फाइव्ह माइल बीच’ हाच तेथील मुख्य रस्ता असून भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास त्यावर गाडी नेऊ नये. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे जाण्याच्या दिवशी सोयीची असलेली वेळ परतीच्या दिवशी पाण्याखाली असू शकते. परतीची बोट ठरवताना हा हिशेब आधी करावा.

यानंतर परवाने काढावेत. प्रत्येक गाडीसाठी वाहनपरवाना आणि प्रत्येक माणसासाठी मुक्कामाचा परवाना लागतो. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच आणि खरीखुरी फोर-व्हील ड्राइव्ह असावी. ती भाड्याची असल्यास करारात या बेटाला आणि वाळूवर चालवण्याला परवानगी आहे का, हे शब्दशः वाचून घ्यावे. जड सामान टपावर न ठेवता खाली, गाडीच्या मध्याजवळ बांधावे.

बेटाच्या दक्षिण टोकासमोरील इन्स्किप पॉइंटवरून जाणार असाल, तर बार्जवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढण्याआधीच्या वाळूतच गाड्या रुततात. म्हणून डांबरी रस्ता संपताच चारही टायरांची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवावी. हवा कमी झाली की टायरचा वाळूला टेकणारा भाग लांब होतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून जाते. परंतु अशा टायरने वेगात वळण घेतल्यास तो रिमवरून निसटू शकतो, हे चालकाच्या सतत ध्यानात असावे. किनाऱ्यावर वेगमर्यादा ताशी ८० आणि आतील वाटांवर ३० किलोमीटर आहे, तरीही गटाने याहून सावकाश चालावे.

पुढच्या गाडीच्या चाकोरीतून, अंतर राखून, दिवे लावून जावे. पाण्याने घट्ट झालेली वाळू चालवण्यास बरी, पण लाटांच्या खाऱ्या पाण्यात गाडी घालू नये. ओढे समुद्राला मिळतात तेथे वाळूत खोल पायरी पडलेली असते आणि ती दुरून दिसत नाही. अशा जागी थांबून, उतरून पाहावे. याच किनाऱ्यावर छोटी विमानेही उतरतात, तेव्हा त्यांना वाट द्यावी.

गाडी रुतली की अॅक्सिलरेटर सोडावा. कोकणातल्या पुळणीवर गाड्या फसतात त्या अनेकदा याच घाईने: चाक फिरत राहते आणि गाडी पोटावर बसते. फावड्याने चाकांपुढची व गाडीखालची वाळू काढावी, हवा आणखी थोडी उतरवावी, चाकांखाली फळ्या सरकवाव्यात आणि आल्या चाकोरीने मागे यावे. ओढावेच लागले, तर पट्टा त्यासाठीच बनवलेल्या हुकात अडकवावा. ट्रेलरच्या टो-बॉलला तो कदापि लावू नये. तो गोळा तुटून उडाला तर माणूस दगावतो. ओढताना बाकीच्यांना लांब उभे करावे.

मुलांसह जाणाऱ्यांनी डंडुबारा, वॅडी पॉइंट किंवा सेंट्रल स्टेशन ही कुंपण असलेली ठिकाणे निवडावीत. बेटावरील वोंगारी, म्हणजे डिंगो, दिसायला गावच्या कुत्र्यासारखे असले तरी वन्य आहेत. २००१ मध्ये त्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. मूल नेहमी हाताच्या अंतरावर असावे आणि किनाऱ्यावर कोणी एकटे फिरू नये. मासळी, मटण, उरलेली पोळी, खरकटे आणि कचऱ्याची पिशवी तंबूत न ठेवता गाडीत बंद करावी. डिंगोंना खाऊ घालणे हा दंडनीय गुन्हा आहे, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेला प्राणी पुढे त्यापायी मारला जातो, हे मुलांना आधीच समजावून सांगावे. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर करावा, कारण ठरावीक सार्वजनिक जागा सोडल्यास शेकोटीला बंदी आहे. समुद्रात शार्क आणि जोरदार ओढ असल्याने पोहण्यासाठी ईलाय क्रीक किंवा मॅकेन्झी तलाव गाठावा.

परतल्यावर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरने पूर्ण हवा भरावी आणि त्याच दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन काढावा.