पहिली २४-७० घेताना: कंपनीची की सिग्मा-टॅमरॉनची?

मुंबईत लग्नांना सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरचा जोडीदार) म्हणून उभं राहायचं ठरवलं की पहिली मोठी खरेदी बहुतेक २४-७० मिलिमीटरच्या आसपासची, एफ २.८ पर्यंत उघडणारी स्टँडर्ड झूम लेन्स असते, आणि गाडी तिथेच अडते. बोरा बाजारातल्या काउंटरवर तीन लेन्स शेजारी मांडल्या जातात: सोनीची जी मास्टर, सिग्माची आर्ट आणि टॅमरॉनची २८-७५. तिसरीची किंमत पहिलीच्या निम्म्याहूनही कमी.

‘शार्प कोणती?’ हा प्रश्न सगळे विचारतात, पण आता त्यातून फारसं काही हाती लागत नाही. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर (म्हणजे कॅमेऱ्यावर) एफ ४ ला काढलेले तिघींचे फोटो अल्बमच्या पानावर छापले, तर कोणता कुठल्या लेन्सचा हे भलेभले सांगू शकणार नाहीत. फरक उरला आहे तो बॉडी लेन्सला काय करू देते यात, आणि ते ठरवणारी कंपनीच असते.

सोनीचं उदाहरण घ्या. ई माउंटची (लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या खाचेची) मूलभूत माहिती कंपनीने २०११ मध्ये इतर लेन्स उत्पादकांना खुली केली, म्हणून या माउंटवर पर्याय भरपूर आहेत. पण खुली म्हणजे सगळी नव्हे. सतत फोकस चालू ठेवून सलग फोटो काढताना थर्ड-पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमच मिळतात, मग बॉडी २० ची असो की ३० ची. टेलीकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच) या लेन्सवर बसत नाही. फोकस सरकताना चौकट किंचित लहानमोठी होते, ते झाकणारी ब्रीदिंग कॉम्पेन्सेशनची सोय फक्त सोनीच्या ठराविक लेन्सवर चालते. आता हिशेब करा. तुमची बॉडी ए ७ फोर असेल, तर ती मुळात सेकंदाला १० फ्रेमची आहे. १५ ची मर्यादा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाजी पार्कवर क्रिकेट टिपायचं असेल आणि हातात सेकंदाला ३० फ्रेमची ए वन असेल, तर मात्र बॉडीचा निम्मा वेग वाया जातो.

कॅननकडे गोष्ट वेगळी. आरएफ माउंट २०१८ मध्ये आला, पण सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सना वाट मिळाली २०२४ मध्ये, आणि तीही एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडींसाठीच्या लेन्सपासून. जुनी ईएफ माउंटची सिग्मा मिळत असेल, तर कॅननचा ॲडॅप्टर लावून ती आर मालिकेवर चालते. तंगीच्या दिवसांत हा मार्ग वाईट नाही. निकॉनची झेड २८-७५ तर ‘कंपनीची’ म्हणून घेतली जाते, पण तिची काचांची मांडणी टॅमरॉनच्या पहिल्या २८-७५ सारखीच: १२ गटांत १५ काचा. नावाला किती पैसे द्यायचे याचा अंदाज घ्यायला एवढं पुरे.

आता मुंबईचा सगळ्यात व्यावहारिक मुद्दा, म्हणजे खोलीचा आकार. टॅमरॉन २८ पासून सुरू होते, बाकीच्या दोघी २४ पासून. कागदावर ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर) २४ चा कोन ८४ अंश आणि २८ चा ७५ अंश असतो. दोन मीटर अंतरावरून आडव्या चौकटीत २४ ला तीन मीटर रुंदी मावते, २८ ला जेमतेम २.६. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत हळद लागत असेल, पाठीमागे कपाट असेल आणि दारात सगळी चाळ उभी असेल, तर त्या चाळीस सेंटीमीटरमध्ये मावशी कापली जाते. घरगुती विधी जास्त शूट करत असाल तर २४ घ्या, किंवा टॅमरॉनबरोबर २० ची एखादी प्राइम (झूम न होणारी लेन्स) बॅगेत ठेवा. हॉलमधली लग्नंच जास्त असतील, तर २८ चालते.

वजनात टॅमरॉन जिंकते: ५४० ग्रॅम. जी मास्टरची २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची, सिग्माची २०१९ ची आर्ट ८३० च्या आसपास. सकाळी ग्रहमखापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत गळ्यात बाळगायची वस्तू आहे ही. फिल्टरही मोजा: टॅमरॉनला ६७ मिलिमीटर लागतो, बाकी दोघींना ८२. व्हिडिओसाठी चांगला व्हेरिएबल एनडी (प्रकाश हवा तितका कमी करणारा फिल्टर) घ्यायचा झाला, तर या दोन मापांत खिशाला बराच फरक पडतो.

फोकसच्या मोटरकडे मात्र जरा थांबून पाहा, कारण आवृत्ती न विचारता घेणारे इथे चुकतात. सिग्माच्या पहिल्या आर्टमध्ये स्टेपिंग मोटर आहे, तर २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत जास्त चपळ लिनियर मोटर आणि वर ॲपर्चर रिंगही. टॅमरॉनच्या ‘जी टू’मध्येही (२८-७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत) लिनियर मोटर आहे. जी मास्टरच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा चार. अंतरपाट खाली जाऊन अक्षता पडतात तेव्हा फोकस वधूवरून उडणाऱ्या तांदळावर आणि परत चेहऱ्यावर असा धावतो, आणि मोटरचा फरक तिथे दिसतो. बसलेल्या पंगतीचे फोटो कुठल्याही मोटरवर येतात.

दोन कंपन्यांच्या लेन्स एकाच लग्नात वापरत असाल, तर रंगछटा किंचित वेगळ्या येतात. ऑटो व्हाइट बॅलन्सवर दोन्ही कॅमेरे सोडले की एडिटिंगच्या टेबलावर वधूचा शालू दोन रंगांचा दिसतो. दोन्ही बॉडींवर एकच केल्विन आकडा (प्रकाशाच्या रंगाचं माप) ठेवा आणि हॉलमधला प्रकाश बदलला की दोन्हींवर ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या राखाडी पत्र्याचा) एकेक फोटो घ्या.

लांब लेन्सचं गणित उलटं होतं. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी टिपायचे, तर सोनीची २००-६०० आणि सिग्माची १५०-६०० या दोन्ही २१०० ग्रॅमच्या आसपास. सोनीची झूम करताना लांबत नाही, सिग्माची लांबते. खाऱ्या, दमट हवेत लांबणारी नळी दर वेळी बाहेरची हवा आत ओढते. शिवाय सोनीवर १.४ चा कन्व्हर्टर लावून ८४० पर्यंत जाता येतं, एफ ९ चा कमी प्रकाश पत्करून. इथे आम्ही कंपनीचीच घ्या म्हणू.

लेन्स कुठलीही घ्या, ती पहिल्या आठवड्यात तपासा. एखादी काच किंचित कलंडलेली असू शकते, आणि हा दोष महागड्या लेन्समध्येही निघतो. गच्चीवरून पन्नासेक मीटरवरच्या इमारतीची एक जाळीची खिडकी निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, ॲपर्चर पूर्ण उघडं, टायमर दोन सेकंदांचा. तीच खिडकी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत एकेक करून आणा आणि प्रत्येक वेळी तिथेच नव्याने फोकस करा. हे २४ (टॅमरॉनवर २८), ५० आणि ७० ला करा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा वाहवलेला असेल तर बदलून घ्या. ही चाचणी भर दुपारी वांद्र्याहून सी लिंककडे कॅमेरा रोखून करू नका. समुद्रावरच्या तापलेल्या हवेने दोर थरथरतात आणि बिचारी लेन्स बदनाम होते. सकाळी आठच्या आत करा.

पावसाळ्यात बुरशी ब्रँड विचारत नाही. हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, काटा ४० ते ५० टक्क्यांत. तांदळाचा डबा हा उपाय नव्हे, त्याने फक्त पीठ आत जातं. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाची कढई वापरू नका. एसी हॉलमधून थेट अंगणात वरातीला जायचं असेल, तर लेन्स बॅगेत चेन बंद करून वीसेक मिनिटं राहू द्या, नाहीतर समोरच्या काचेवर दव धरतं आणि पुसावं तसं परत येतं. विसर्जनाच्या गुलालात आधी ब्लोअर, मग ब्रश, आणि कापड शेवटी. ओल्या बोटाने गुलाल पुसला की त्याचा लगदा झूमच्या फटीत बसतो.

पैसे देण्यापूर्वी दुकानात तीन गोष्टी विचारा. वॉरंटी भारतातली आहे की बाहेरून आलेल्या मालाची? दुरुस्ती मुंबईत होते की लेन्स कुरिअरने जाते, आणि सीझनमध्ये किती दिवस लागतात? फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) कसं अपडेट होतं? टॅमरॉनच्या ‘जी टू’ला स्वतःचा यूएसबी-सी पोर्ट आहे, इतरांना बहुधा बॉडी मधे लागते. नवी बॉडी घेतल्यावर जुनी लेन्स अडखळू लागली, तर उपाय पुष्कळदा या अपडेटमध्येच असतो. बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो नळीवरच्या नंबराशी तिथल्या तिथे ताडून पाहा. जीएसटी नोंदणी असेल तर बिल आपल्या क्रमांकावर करा, कराची वजावट मिळते.