मिशन ट्रिपला नाव देण्याआधी

मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण मुलं-मुली मिशन ट्रिपचं (परक्या ठिकाणच्या मंडळीत थोडे दिवस सेवेला जाण्याचं) मनावर घेतात, तेव्हा पहिला प्रश्न सामानाचा विचारतात. मी मात्र त्यांना आधी एकच विचारते: तिथून बोलावणं कोणाचं आलंय? पाठवणारी संस्था कितीही मोठी असली, तरी तिथल्या मंडळीने आपली गरज सांगून टीम मागवली नसेल, तर आपण दोन आठवडे त्यांची फक्त धावपळ वाढवतो. पाहुण्यांची जेवणं, अंथरुणं, गाड्या, दुभाषी हे सगळं तिथल्या पाळकांच्या (पास्टरांच्या) घरावर येऊन पडतं. म्हणून संस्थेला थेट विचारा. कामाची आखणी कोणी केली? मागच्या टीमने सुरू केलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं? टीम नसते तेव्हा हे काम कोण करतं? या शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही, तर मी नाव देत नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ देता येत असेल तर वाटा बऱ्याच आहेत. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या ‘यूथ विथ अ मिशन’मध्ये आधी काही महिने शिष्यत्वाचं, म्हणजे येशूचा अनुयायी म्हणून जगण्याचं, प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष सेवा, असा क्रम असतो. ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’चं ‘लोगोस होप’ हे जहाज पुस्तकं घेऊन बंदरोबंदरी जातं. ‘मर्सी शिप्स’च्या जहाजांवर शस्त्रक्रिया होतात, आणि तिथे डॉक्टर-नर्सइतकीच गरज स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन आणि सफाई करणाऱ्यांची असते. अनेकांना धक्का बसतो तो खर्चाचा: अशा सेवेत पगार तर नसतोच, राहण्या-जेवणाचा खर्चही बहुधा आपणच उभा करायचा असतो. मंडळीकडे मदत मागताना तिकीट, व्हिसा, विमा, निवास असं वेगवेगळं लिहून द्या आणि पैसे उरले तर कुठे जातील तेही आधीच सांगा. नंतर कोणी विचारण्याची वाट पाहू नका.

आता कायदा. ‘देव सांभाळेल’ म्हणत लोक ज्यावरून हमखास घसरतात तो हा भाग. पर्यटक व्हिसावर प्रचार किंवा धार्मिक काम करायला बऱ्याच देशांत परवानगी नसते. नेपाळच्या राज्यघटनेतलं कलम २६ कोणाचं धर्मांतर करायला मनाई करतं, आणि तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षा संपल्यावर देशाबाहेरही काढतात. पण खरी झळ आपल्याला बसत नाही. आपण विमानात बसून निघून येतो, चौकशीला सामोरं जावं लागतं ते तिथल्या पाळकाला आणि ज्यांच्या घरात प्रार्थना झाली त्या कुटुंबाला. तेव्हा काय बोलायचं, कुठे बोलायचं, कोणते फोटो टाकायचे हे ते ठरवतील. त्यांचा ‘नको’ हा अविश्वास समजू नका.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक ठेवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत प्रवेशासाठी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन काहीच उपयोग नाही. २०१६पासून मात्र ते आयुष्यभर चालतं.

तयारीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे दुभाष्याबरोबर बोलणं. पाच मिनिटांची साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं) दुभाष्यासह दहा मिनिटांची होते, म्हणून ती निम्मी करा. एका दमात एकच छोटं वाक्य बोला आणि थांबा. बोलताना दुभाष्याकडे नाही, समोरच्या माणसांकडे पाहा. बायबलमधल्या वचनांचे संदर्भ त्याला आदल्या दिवशी द्या, म्हणजे तो ती आपल्या भाषेतल्या बायबलमधून थेट वाचेल. ऐनवेळी त्याच्याकडून भाषांतर करून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. विनोद टाळा. यमक जुळवलेले तीन मुद्देही टाळा, पलीकडच्या भाषेत त्यांचं भजं होतं. आणि सभा संपली की सगळ्यात थकलेला माणूस तोच असतो. त्याला आधी जेवू द्या.

मुलांबरोबरच्या कामाबद्दल मी कडक आहे. बालगृहात आठवडाभर जाऊन मुलांना मांडीवर घेणं आपल्याला गोड वाटतं, पण लळा लावून निघून जाणाऱ्यांची रांग त्या मुलांनी आधीच पाहिलेली असते. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात, असंही घडतं. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली. त्यापेक्षा मंडळीच्या संडे स्कूल शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण द्या, ते शिक्षक तिथेच राहणार आहेत. कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही. बालसुरक्षेचे लेखी नियम संस्थेकडे नसतील तर ते मागा.

बांधकामाचंही तसंच. गावात गवंडी बिनकामाचा बसलेला असताना आपण वाकडी भिंत रचायची, यात सेवा कोणाची? वैद्यकीय शिबिरात रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या, पण सोळाव्या दिवशी त्या कुठून आणायच्या हे रुग्णाला सांगितलं नाही, तर ते शिबिर अर्धवटच. नर्स असाल तर तिथल्या आरोग्यसेविकेच्या हाताखाली काम करा. तिला पेशंटची भाषाही येते आणि घरही माहीत असतं.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात शिष्यांना दोघादोघांनी पाठवताना येशू सांगतो की एकाच घरात राहा, पुढे ठेवतील ते खा, घरं बदलत फिरू नका. मला यापेक्षा नेमकी आचारसंहिता सापडलेली नाही. जेवण पचणार नाही असं वाटलं तर थोडं वाढून घ्या, पण स्वतःच्या बिस्किटांचा पुडा यजमानांसमोर फोडू नका. कोणालाही खासगीत पैसे किंवा शिक्षणाच्या खर्चाचं आश्वासन देऊ नका. द्यायचंच असेल तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांशी बोलून द्या. ‘पुढच्या वर्षी नक्की येऊ’ हे तर मुळीच म्हणू नका, लोक ते लक्षात ठेवतात.

सेवेच्या प्रवासाहून परतल्यावर बायबलमधले प्रेषित पौल आणि बर्णबा यांनी अंत्युखियाच्या मंडळीला एकत्र बोलावून सगळा वृत्तांत दिला होता. तुम्हीही द्या. फक्त स्लाइड निवडताना असं धरा की फोटोतलं कुटुंब पहिल्या बाकावर बसलंय. दीर्घकाळच्या सेवेचा विचार डोक्यात आला असेल तर काही महिने जाऊ द्या, भाषा शिकायला लागा, आणि निर्णय पाळकांबरोबर घ्या. हिवतापाच्या (मलेरियाच्या) भागात गेला असाल तर त्याच्या प्रतिबंधक गोळ्या घरी आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. त्यातली डॉक्सिसायक्लिन ही गोळी चार आठवडे चालू ठेवावी लागते. त्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला, तर तुम्ही कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.