महागडे इयरफोन घेताय? आधी घुमट ऐकून या

चांगल्या आयईएमवर पैसे घालायचे असतील, म्हणजे ते कानाच्या आत बसणारे तारवाले, जे पंचवीस हजारांपासून लाखाच्या वर कुठेही जातात, तर रिव्ह्यूचे व्हिडिओ बघत बसण्याआधी एक करा, चवथीला कोणाच्यातरी घरी घुमट आरतीला अगदी पुढे जाऊन बसा. हसू नका, खरंच सांगतोय.

घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं), आणि लहान तोंड वाजवणारा तळव्याने झाकतो-उघडतो त्यामुळे तो खालचा आवाज असा वळत जातो. २०१९ ला गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. हा आवाज एकदा कानात बसला की बेस तपासायला दुसरं काही लागत नाही. नीट रेकॉर्ड केलेली घुमट आरती लावा, मोबाईलवर शूट केलेली नको, त्यात खालचा आवाज नीट येतच नाही. बेस नुसता फुगवलेला असेल तर थाप आणि घुमणं एक होऊन जातं आणि शामेळ (आरतीतलं दुसरं तालवाद्य) त्यात बुडतं. चांगल्या आयईएमवर थाप वेगळी, तिच्यामागचं वळण वेगळं, आणि वर कासाळ्याचा (झांजेचा) खणखणाट स्पष्ट पण टोचणारा नाही. कासाळं टोचलं तर तो सेट तासभर ऐकवणार नाही, मग रिव्ह्यूवाला 'डिटेल' म्हणून कितीही नाचू दे.

दुसरी चाचणी गळ्याची. आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज (त्यांचंच गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर गेलंय). मोनो असल्यामुळे आवाज डोक्याच्या बरोब्बर मधे यायला पाहिजे. डावीकडे-उजवीकडे सरकला तर एकतर टिप (कानात जाणारं मऊ टोपण) नीट बसली नाही किंवा दोन्ही बाजू सारख्या नाहीत. टिप्स ज्या त्या कानाच्याच ठेवून बाजू अदलाबदल करून बघा, आवाज तरीही त्याच कानाकडे राहिला तर तुमचा कान किंवा टिप, दुसरीकडे गेला तर पीस परत पाठवा.

आता टिप्स, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही आणि निम्मा खेळ तिथेच आहे. कान सील झाला नाही तर बेस गळून जातो आणि लोक म्हणतात आयईएमच पातळ आहे. डब्यात येतात त्या सगळ्या साईझ लावून बघा, दोन्ही कानांना वेगळी साईझ लागू शकते, त्यात लाजायचं काही नाही. टिप लावून जबडा हलवा, बेस येतो-जातो असं झालं तर एक साईझ मोठी. फोमच्या टिप्स सील छान करतात पण वरचा चकचकीतपणा थोडा मऊ करतात, आणि घामाने लवकर खराब होतात.

ड्रायव्हर, म्हणजे आतले आवाज काढणारे छोटे स्पीकर, किती आहेत यावर भुलू नका. सेनहायझर आयई ९०० मध्ये प्रत्येक कानाला एकच ७ मिमीचा ड्रायव्हर आहे, आणि २०२१ ला तो आला तेव्हा किंमत साधारण १३०० डॉलर होती. बारा-बारा ड्रायव्हरवाले चांगले असतात तसे गचाळही असतात.

डॅक-डॉंगलचं, म्हणजे फोनला लावून तारवाले इयरफोन जोडायच्या छोट्या डबीचं, सोपं आहे. आयईएमला पॉवर फार लागत नाही, पण डॉंगलचा आउटपुट इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतात तो विद्युत अडथळा) आयईएमच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा, म्हणजे १६ ओहमचा असेल तर २ च्या खाली, नाहीतर जास्त ड्रायव्हरवाल्या सेटचा टोनच बदलतो. त्यापुढे लाखाचा प्लेयर घ्यायचा की नाही ते तुमची हौस, मला तरी तेच पैसे आयईएममध्ये घातलेले बरे वाटतात. ब्लूटूथवर ऐकत असाल तर एलडॅक (ब्लूटूथवर चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, सीडीचा डेटा १४११. तारेने ऐकायचं म्हणतो ते म्हणूनच, पण कदंबच्या बसमध्ये इंजिनच्या घरघरीत फरक कोणाला कळणार आहे, तिकडे खुशाल ब्लूटूथ लावा.

दोन सेटची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जरासा मोठा असलेला सेट नेहमी जास्त चांगला वाटतो. आणि एकूणच आवाज आवरा, डब्ल्यूएचओच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मोठ्या माणसांची मर्यादा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातली चप्पल हिरवी होते तिथे आयईएमचं काय. वापरून झालं की कोरड्या कपड्याने पुसा, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल ओलं झालं की वाळवा किंवा बदला. एक बाजू अचानक हळू वाजायला लागली तर लगेच सर्व्हिस सेंटरला धावू नका, बहुतेक वेळा नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ किंवा ओल अडकलेली असते. मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडा, रात्रभर त्याच डब्यात ठेवा, सकाळी पुन्हा मोनो गाणं लावून बघा. केबल निघणारी असेल तर महिन्यातून एकदा पिना काढून बघा, हिरवट थर धरला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर थोडंसं घेऊन पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मगच परत जोडा.