पिनातुबोच्या नोंदींपासून सुरुवात करा

भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ज्वालामुखींच्या भूकंपनोंदींकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सर्वप्रथम फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा 15 जून 1991 चा उद्रेक अभ्यासायला सांगते. त्या दिवशी फिलिपिन्सपासून हजारो किलोमीटर दूरच्या केंद्रांवरही जमीन काही तास, सुमारे 230 आणि 270 सेकंदांच्या आवर्तकालाने, संथपणे हलत राहिली. मोठ्या भूकंपाच्या रॅले लहरींमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूकंपलहरींमध्ये, असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात. इथे मात्र दोनच ठळक होत्या. भूकंपशास्त्रज्ञ हिरो कानामोरी आणि जिम मोरी यांनी 1992 मध्ये या दोन वारंवारतांचे मूळ वातावरणात असल्याचे दाखवले.

उद्रेकाने ढवळलेल्या हवेतील अतिमंद ध्वनिलहरी वर जातात, परंतु साधारण 90 किलोमीटरच्या वर तापमान झपाट्याने वाढू लागल्यामुळे त्यांचा मोठा भाग परत खाली वळतो. जमीन आणि हा थर यांच्यामध्ये सुमारे 3.7 व 4.4 मिलिहर्ट्झला (म्हणजे वरच्याच 270 व 230 सेकंदांच्या आवर्तकालाला) अनुस्पंदन (रेझोनन्स) होते, हवेचा दाब त्याच तालात जमिनीवर पडत राहतो आणि त्यातून रॅले लहरी निघतात. घन पृथ्वीचे काही नैसर्गिक स्वरही (ती ज्या वारंवारतांना स्वतःहून कंप पावते त्या) नेमके याच वारंवारतांजवळ असल्यामुळे ऊर्जा जमिनीत सहज उतरते. पृथ्वी आणि तिचे हवेचे आवरण एकत्रच डोलतात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

नोंदी स्वतः उघडून पाहाव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील, जिओस्कोप या जागतिक भूकंपमापन जाळ्यातल्या केंद्राच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. उभ्या घटकाची, सेकंदाला एक नमुना असलेली नोंद घ्या आणि उपकरणाचा प्रतिसाद काढून टाकल्यावरच 2 ते 6 मिलिहर्ट्झची गाळणी लावा. दोन स्वरांमधील अंतर 0.7 मिलिहर्ट्झ असल्याने पंचवीस मिनिटांहून लहान खंडाच्या वर्णपटात (वारंवारतांच्या आलेखात) ते एकमेकांत मिसळतात. मी निदान तीन-चार तासांचा खंड घेते.

त्यानंतर प्रशांत महासागरातील हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या 15 जानेवारी 2022 च्या उद्रेकाकडे वळा. तिथेही 3.7 मिलिहर्ट्झचा स्वर मिळतो, शिवाय सेकंदाला तीनशे मीटरहून थोड्या अधिक वेगाने पृथ्वीला अनेक फेऱ्या घालणारी लॅम्ब लहर, म्हणजे हवेतून जमिनीलगत जाणारी दाबाची लहरही दिसते. रॅले लहर सेकंदाला सुमारे चार किलोमीटर जात असल्याने दूरच्या केंद्रावर ती कित्येक तास आधी पोहोचते. म्हणून भूकंपलेखाशेजारी त्याच ठिकाणचा वायुदाबाचा आलेखही मांडा: दाबाची उसळी आल्यावर दिसणारी हालचाल ही बहुधा डोक्यावरून जाणाऱ्या हवेच्या भाराची असते, तर तिच्या आधीचा तो लांबलेला स्वर जमिनीतून आलेला असतो.