जाड अक्षर वापरताना या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात फ्लेक्सची घाई उडते आणि मागणी एकच असते: "अक्षर जाड करा, लांबून दिसलं पाहिजे." एका स्टॉलचा फलक मी पॉपिन्स या फॉन्टच्या सगळ्यात जाड, म्हणजे ब्लॅक वजनात (वजन म्हणजे जाडीची पायरी) केला होता. रस्त्यापलीकडून पाहिलं, तर 'सिद्धेश्वर'मधल्या 'द्ध'चा काळा गोळा झालेला. ज्याच्या नावानं यात्रा भरते, तेच नाव वाचता येत नव्हतं. मला फार लागलं ते.

पॉपिन्ससारख्या भौमितिक अक्षराचं वळण कंपास-पट्टीचं. अक्षरकार पॉल रेनरच्या १९२७ सालच्या फ्यूचुरा फॉन्टमधला रोमन 'ओ' (O) जवळजवळ वर्तुळच आहे. रोमन 'ओ'ला एकच मोठी पोकळी, त्यामुळे जाडी वाढली तरी तो मोकळा राहतो. 'द्ध'मध्ये मात्र शिरोरेघेखाली दोन व्यंजनं एकमेकांत गुंतलेली असतात. जाडी वाढली की पहिल्यांदा आतला पांढरा जातो, आणि अक्षर ओळखू येतं ते त्या पांढऱ्यामुळेच. म्हणून आकार वाढवा, जाडी एक पायरी उतरवा. पॉपिन्समध्ये नऊ वजनं आहेत. जोडाक्षरं असतील तर मी सेमीबोल्डच्या, म्हणजे बोल्डच्या एक पायरी खालच्या वजनाच्या, पुढे सहसा जात नाही. शेंगा चटणीच्या पाउचवरचा बारीक मजकूर तर त्याहून एक पायरी हलका, मीडियमच ठेवा, छपाईत शाई पसरतेच. मंजुरीआधी खऱ्या मापाची प्रिंट काढून 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' वाचून बघा.

बोल्डची फाइल नाही म्हणून कोरलड्रॉमध्ये अक्षराला आउटलाइन, म्हणजे कडेची रेघ, देऊ नका. ती आतल्या बाजूलाही वाढते आणि पोकळी खाते. खऱ्या बोल्डमध्ये अक्षरकारानं सांध्यापाशी रेघ हातानं बारीक केलेली असते.

जागा भरायला अक्षर आडवं ताणलं की वर्तुळाचं अंडं होतं, काना जाड आणि शिरोरेघ बारीक दिसते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेघच तुटते. दोन ओळींत मात्र अंतर सढळ हातानं द्या, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारात घुसतो.

जुन्या फोटोशॉपमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षराचा पाय मोडून दिसला, तर फॉन्टला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी पर्याय निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आपल्याकडे फलकावर मराठीशेजारी कन्नड किंवा तेलुगूही लागते. पॉपिन्समध्ये या दोन्ही लिप्या नाहीत, मग संगणक दुसराच फॉन्ट घालतो आणि एक ओळ जाड, एक किरकोळ दिसते. तिथे 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' हा फॉन्ट घ्या. त्यात तिन्ही लिप्या आहेत आणि जाडी जुळते.

छापायला देताना मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, पण कर्व्ह न केलेली प्रत वेगळी ठेवा. ऐनवेळी नावातला ऱ्हस्व-दीर्घ बदलायला तीच लागते.