बल्ब बदलण्याआधी थांबा: हेडलाइटच्या या चुका टाळा

दिवाळी आटोपली, सहालाच अंधारून यायला लागलं की माझ्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं. "भाऊ, गाडीला उजेडच नाही. काहीतरी पॉवरफुल टाकून द्या." नागपुरात ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करून मला बत्तीस वर्षं झाली. यातल्या दहापैकी सात गाड्यांना बल्बची गरजच नसते. पण हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. त्याला खोकं फोडून नवीन काहीतरी लावलेलं बघायचं असतं. पाना घेऊन दहा मिनिटं स्क्रू फिरवणाऱ्याला पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं.

म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. पुढचा कोणी आला की हेच वाचायला देईन.

फोकस न बघता बल्ब बदलणं

ही सगळ्यात महागडी चूक. एक निवृत्त सर आहेत, महिन्यातून दोनदा गावी भंडाऱ्याकडे जातात. रात्री परत येताना काहीच दिसत नाही म्हणून त्यांनी आधी चांगल्या कंपनीचे हॅलोजन बल्ब टाकले. फरक पडेना. मग त्याहून महाग टाकले. मग बंपरवर फॉग लॅम्प बसवले. सहा-सात हजार घालवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता प्रोजेक्टरच बसवून टाका." मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर, एक छोटं चाक असतं. त्यावर 0, 1, 2, 3 असे आकडे असतात. ते 3 वर होतं.

"सर, हे कोणी फिरवलं?"

सर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "नातू उन्हाळ्यात आला होता."

ते चाक हेडलाइट खाली-वर करतं. मागे माणसं आणि डिक्कीत तांदळाची पोती असली की गाडीचं नाक वर उठतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. तो खाली आणायला हे चाक आहे. एकटे असाल तर 0. सरांची गाडी पावसाळाभर बोनेटपुढची जमीन उजळत फिरत होती.

यामागचा हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. बहुतेक गाड्यांचा डिप्पर, म्हणजे जवळचा उजेड (लांबचा तो अप्पर), एक टक्का खाली झुकवलेला असतो. हेडलाइटवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर दिव्याच्या चित्राशेजारी बऱ्याचदा 1.0 % किंवा 1.2 % असं छापलेलंच असतं. एक टक्का म्हणजे दहा मीटरला दहा सेंटीमीटर. दिवा जमिनीपासून 65 सेंटीमीटर उंच असेल तर उजेडाची वरची कड 65 मीटरवर जमिनीला टेकते. आता दिवा खाली-वर करणारा स्क्रू थोडा हलला आणि एकाचे दोन टक्के झाले, तर तीच कड साडेबत्तीस मीटरवर टेकते. निम्मा रस्ता गेला, आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर बघाल तर फरक फक्त पाच सेंटीमीटरचा, म्हणजे तीन बोटांचा.

आता ब्रेकचा हिशेब धरा. ताशी 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यातच दीड सेकंद म्हणजे 33 मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 35 ते 40. एकूण सत्तरेक मीटर. म्हणजे फोकस एकदम बरोबर असला तरी डिप्परवर 80 ची स्पीड उधारीचीच आहे. साडेबत्तीस मीटरवाल्याने तर 40 च्या वर जाऊच नये.

माझी पद्धत अशी. दुकानासमोरच्या कंपाउंडवर खडूच्या रेघा कायम मारलेल्या आहेत. टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर बसलेला, चाक 0 वर. गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभी. दिव्याच्या मध्याची उंची फुटपट्टीने मोजतो आणि भिंतीवर त्याच्या पाच सेंटीमीटर खाली आडवी रेघ. डिप्परची सपाट कड त्या रेघेवर बसवायची. एका दिव्यावर पोतं टाकायचं, दुसरा बसवायचा, मग उलट. डाव्या बाजूला कड वर चढलेली दिसेल. ती बिघाड समजून खाली दाबू नका. आपण डावीकडून चालतो, म्हणून रस्त्याची डावी कड लांबवर दिसावी यासाठी ती मुद्दाम तशी केलेली असते. बिनरिफ्लेक्टरची बैलबंडी आणि पायी जाणारा माणूस त्याच बाजूला असतो.

भिंतीवर किंवा मोबाइलवर उजेड 'कम्पेअर' करणं

दोन फोटो शेजारी ठेवायचे, डावीकडे पिवळा, उजवीकडे पांढराफेक, आणि खाली 'फरक बघा' असं लिहायचं. असे फोटो घेऊन लोक माझ्याशी वाद घालतात. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड आपला आपण कमी-जास्त करतो, त्यामुळे त्या फोटोवरून काहीही सिद्ध होत नाही. भिंतीचंही तेच. पाच मीटरवर जो उजेड झगझगीत दिसतो तो 60 मीटरवर जाईपर्यंत 144 पट विरळ झालेला असतो. अंतर बारा पट, उजेड बाराचा वर्ग इतका कमी.

आणि आपल्या नागपुरात आणखी एक फसवणूक आहे, सिमेंट रोडची. पांढरट सिमेंटवर कुठलीही लाइट छान दिसते. गल्लीत ट्रायल घेऊन खूश झालेला माणूस काटोल रोडच्या डांबरावर, तेही पावसात, गेला की त्याला वाटतं बल्ब उडाला.

माझा भाचा मागच्या वर्षी असाच आला. साध्या रिफ्लेक्टरच्या दिव्यात, म्हणजे एच-4 हॅलोजनच्या जागी, त्याने ऑनलाइन मागवलेले एलईडी बल्ब टाकले होते. खोक्यावर 20,000 लुमेन (बल्बच्या एकूण उजेडाचं माप) छापलेलं. चांगल्या एच-4 चा अप्पर 1,650 लुमेनच्या आसपास आणि डिप्पर 1,000 च्या आसपास असतो, हे माहीत असलेला माणूस तो आकडा वाचूनच हसेल. पण पोट्टं खूश होतं.

"मामा, पाहा न जी, दिवसच निंगला!"

खरंच निघाला होता. बोनेटपासून पंधरा पावलं दूध सांडल्यासारखा पांढरा उजेड. मी म्हटलं, "थांब बे. इतक्यात नाचू नको. गंप्याला घे गाडीत."

गंप्या म्हणजे माझं बुजगावणं. खताच्या पोत्यात तणस भरलेलं, वरून राखाडी पँट आणि मळका शर्ट. रात्री रस्त्यावर पांढरे कपडे घालून कोणी आपल्याला सोय करून देत नाही, म्हणून राखाडी. त्याला घेऊन आम्ही बेशाच्या पुढे एका ओसाड लेआउटवर गेलो. तिथे डांबरी रस्ता आहे, घरं नाहीत, खांबांवर दिवे नाहीत. एकाने गाडीत बसायचं, डिप्पर लावायचा. दुसऱ्याने गंप्याला घेऊन डाव्या कडेने लांब लांब जात राहायचं. दिसेनासा झाला की हॉर्न. पावलं मोजायची. माझं पाऊल पाऊण मीटरचं.

एलईडीवर 51 पावलांना हॉर्न वाजला. मग तिथेच टॉर्चच्या उजेडात जुने पिवळे हॅलोजन परत बसवले, आणि गंप्या 74 पावलांपर्यंत दिसला. भाच्याचा विश्वास बसेना, त्याने स्वतः पुन्हा मोजलं. 73 आली. 38 मीटर विरुद्ध 55 मीटर. गाडी उभी असते आणि नजर तिथेच लागलेली असते, म्हणून चालत्या गाडीसाठी मी यातली वीसेक पावलं सरळ वजा करतो.

असं का होतं? एच-4 मध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि ती सपाट कड तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या बारीक तारेची जागा धरून काढलेला असतो. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप. जागा जरा सरकली की उजेड लांब जायचं सोडून जवळ सांडतो आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यात जातो. जवळची जमीन जितकी झगझगीत, तितकी आपली बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. म्हणून 'उजेड वाढला' आणि 'दिसतंय कमी' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. कंपनीतूनच एलईडी किंवा प्रोजेक्टर आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पूर्ण दिवाच त्यासाठी बनवलेला असतो. आणि महागाची गाडी म्हणजे चांगली लाइट असंही नाही. अमेरिकेत गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने 2016 साली 31 मध्यम आकाराच्या गाड्यांचे हेडलाइट तपासले, तेव्हा फक्त एका गाडीला 'चांगला' शेरा मिळाला. तेही भिंत बघत नाहीत. सरळ रस्त्यावर आणि वळणांवर 5 लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड किती लांब पोचतो ते मोजतात. आपला गंप्या त्याच घराण्यातला, फक्त गरीब.

100/90 चा बल्ब आहे त्या वायरिंगवर

'मोठा बल्ब' मागणारे अजून आहेत. 60/55 च्या (अप्पर/डिप्परचे वॉट) जागी 100/90 टाकला की करंट एक पूर्णांक दोन तृतीयांश पट होतो आणि वायर व कपलर पावणेतीन पट तापतात. वायर मात्र तीच, केसासारखी. एक जीप घेऊन चार जण जबलपूर रोडने जंगलाकडे निघाले होते. मनसरच्या पुढे आधी जळका वास आला, मग दोन्ही दिवे गेले. मोबाइलच्या टॉर्चवर रस्त्याच्या कडेला रात्र काढली. सकाळी टोचन करून आणली तेव्हा होल्डरचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं ओघळलेलं होतं. शिवाय तो बल्ब रस्त्यावर कायदेशीरही नाही.

जुन्या गाडीत खरं दुखणं वेगळंच असतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट, आणि होल्डरवर मोजा तर 12 सुद्धा नाही. मधले व्होल्ट गंजलेली अर्थिंग आणि थकलेला स्विच खातात. हॅलोजनला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड चौथाईहून जास्त घटतो. मी रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा जास्त करंटचा स्विच, टाकून बॅटरीवरून जाड वायर नेतो, अर्थिंग घासून नवीन करतो आणि बल्ब तोच 60/55 चा ठेवतो. लोक विचारतात, "कोणता बल्ब टाकला भाऊ?"

टूथपेस्ट

आपल्याकडे 45 च्या उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची 'काच' पिवळी पडणारच, कारण ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं आणि वरचा संरक्षक थर उन्हाने उडतो. टूथपेस्टने ती पंधरा दिवस चमकते. नीट करायचं तर 1000, 2000, 3000 नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारत क्रमाने, आणि शेवटी ऊन अडवणारा क्लिअर कोट. कोट न मारता नुसतं घासणाऱ्याला मी काम देत नाही. दोन महिन्यांनी आधीपेक्षा वाईट दिसते आणि शिव्या मला पडतात.

बाकीच्या चुका पटापट.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डाग पडतो तिथे ती तापते आणि बल्ब लवकर जातो.

एक बल्ब गेला तर दोन्ही बदला. दुसराही तितकाच म्हातारा असतो.

8,000 केल्विनचा निळा बल्ब घेऊ नका. पावसात तो दिसतो, रस्ता दिसत नाही.

रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे म्हणजे अंधारात उजेड आणखी कमी करणारे चष्मे. घेतले असतील तर उन्हात वापरा.

समोरची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा आणि श्वासाचा थर बसतो आणि समोरची प्रत्येक लाइट फुलासारखी फाकते. मी जुन्या वर्तमानपत्राने पुसतो, बायको हसते.

हिवाळ्यात पहाटे धुकं असताना अप्पर मारू नका, आपल्याच समोर पांढरा पडदा उभा राहतो.

अप्पर-डिप्पर करायला लाजू नका, पण समोरच्याने डिप्पर केला नाही म्हणून बदला घेऊ नका. दोघंही आंधळे झालेले ट्रक-कार मी समोरासमोर बघितले आहेत. अशा वेळी नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि पाय उचला.

गाडीपुढच्या, दिवसा आपोआप पेटणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या पेटल्या म्हणून हेडलाइट चालू आहे असं धरून चालू नका. समृद्धीवर संध्याकाळी अशा गाड्या मी दर वेळी बघतो. पुढे झगमगाट, मागचे दिवे बंद, आणि स्पीड 120.

डोळे तपासायचे राहून जाणं

ही चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी मला माझ्या गाडीचा फोकस मंद वाटायला लागला. रिले बदलला, अर्थिंग घासली, काचा पॉलिश केल्या. तरी समाधान होईना, म्हणून स्क्रू फिरवून कड थोडी वर घेतली. मग आणखी थोडी. गंप्याला घेऊन लेआउटवर गेलो तर 60 पावलांनाच दिसेनासा झाला. भाचा म्हणाला, "मामा, मला तर अजून दिसून राहिला." मी त्याला गप्प केलं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रात्री गाडी बाहेर काढली, तर वर्धा रोडवर समोरचा प्रत्येक माणूस मला अप्पर-डिप्पर करून शिव्या घालत होता. डिप्पर झाडांच्या शेंड्यांवर चालला होता. सकाळी दुकान उघडताच आधी माझीच गाडी कंपाउंडसमोर लावली आणि फोकस खडूच्या रेघेवर खाली आणला.